स्मार्ट कार्ड : आर्डुइनोद्वारे वाचन व लेखन

प्लास्टिकच्या कार्डात बसवलेल्या चिपशी आर्डुइनोसारख्या हौशी मायक्रोकंट्रोलर बोर्डाने संवाद साधून तिच्यातील माहिती वाचणे आणि चिप परवानगी देईल तेथे ती बदलणे. चुंबकीय पट्टीच्या कार्डावरची माहिती कोणत्याही वाचकयंत्राला जशीच्या तशी मिळते. स्मार्ट कार्डात मात्र काय दाखवायचे आणि काय लिहू द्यायचे याचा निर्णय कार्डातली चिप घेते. यंत्र फक्त विनंती करते. हा फरक पुस्तकात वाचून जेवढा कळतो त्याहून कितीतरी जास्त स्वतः चार तारा जोडल्यावर कळतो, आणि या प्रयोगाचे खरे शैक्षणिक मोल तेच आहे.

पूर्वपीठिका : कार्डात चिप बसवण्याची कल्पना जर्मनीत हेल्मुट ग्रोट्रुप व युर्गेन डेटलॉफ यांनी १९६८ मध्ये मांडली. फ्रान्समध्ये रोलां मोरेनो यांनी १९७४ मध्ये स्मृती-कार्डाचे पेटंट नोंदवले, तर बुल कंपनीच्या मिशेल युगाँ यांनी १९७७ मध्ये मायक्रोप्रोसेसर असलेल्या कार्डाचे. १९८३ पासून फ्रान्समधील सार्वजनिक दूरध्वनींमुळे अशी कार्डे सामान्य माणसाच्या खिशात पोहोचली. आर्डुइनोचा जन्म २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे झाला. त्यानंतर कार्डवाचन हा विषय प्रयोगशाळेतून विद्यार्थ्याच्या टेबलावर आला. पुण्यातील तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लागणारे सगळे सुटे भाग मिळतात.

स्पर्शी कार्ड : कार्डाचे माप ८५.६० × ५३.९८ मिमी. आणि जाडी ०.७६ मिमी. त्यावरील सोनेरी चकतीत आठ संपर्कबिंदूंची जागा असते. प्रत्यक्षात पाचांवर काम भागते : वीजपुरवठा, रीसेट, क्लॉक, ग्राउंड आणि माहितीची एकच तार. बिंदूंच्या जागा, विद्युत्-दाब, संदेशांची रचना हे सारे आयएसओ ७८१६ या मानकाच्या निरनिराळ्या भागांत ठरवून दिलेले आहे. दाबानुसार कार्डांचे ५, ३ व १.८ व्होल्ट असे वर्ग पडतात. आर्डुइनो उनो ५ व्होल्टवर चालतो, म्हणून कमी दाबाच्या कार्डासाठी दाब उतरवणारे परिपथ मध्ये घालावे लागतात.

प्रोसेसर असलेल्या कार्डाला बाहेरून १ ते ५ मेगाहर्ट्‌झचे क्लॉक लागते आणि सुरुवातीला एका बिटसाठी क्लॉकचे ३७२ ठोके मोजले जातात. उनोवरील एटीमेगा३२८पी चिप १६ मेगाहर्ट्‌झवर चालते. तिच्या टायमरमधून ४ मेगाहर्ट्‌झचे क्लॉक सहज काढता येते. ३७२ ला ४ ने भागले की बिटचा काळ बरोबर ९३ मायक्रोसेकंद येतो. याच चिपचा सिरीअल विभाग बिटचा काळ चिपच्या क्लॉकच्या सोळा ठोक्यांच्या पटीत ठरवतो, म्हणजे १६ मेगाहर्ट्‌झला प्रत्येक पायरी नेमकी एका मायक्रोसेकंदाची. त्यामुळे ९३ मायक्रोसेकंदांचा बिट त्याला काडीचीही चूक न करता बनवता येतो. सेकंदाला सुमारे १०,७५३ बिटांचा हा वेग विचित्र वाटला तरी तो तसाच ठेवावा. ९६०० हा नेहमीचा आकडा येथे लागू पडत नाही, आणि पुष्कळांचे पहिले प्रयत्न तिथेच अडतात. प्रत्येक अक्षर आठ बिट आणि एक सम पॅरिटी बिट असे येते. माहितीची तार एकच असल्याने कार्ड व बोर्ड यांना आळीपाळीने बोलावे लागते.

रीसेटची तार वर नेली की ४०० ते ४०,००० ठोक्यांच्या आत कार्ड आपली ओळख सांगू लागते. हे उत्तर जास्तीत जास्त ३३ बाइटांचे असते. पहिला बाइट ३बी असेल तर बिट सरळ पद्धतीने वाचायचे. उलट पद्धतीच्या कार्डाचा पहिला बाइट ३एफ. पण नेहमीच्या सिरीअल मांडणीत तो ०३ असा दिसतो. अनोळखी कार्डाकडून ०३ आले तर जोडणी चुकली असे समजून तारा उपटू नयेत.

यानंतर आज्ञा. प्रत्येक आज्ञेत वर्ग, सूचना, दोन मापदंड व लांबी असे बाइट असतात. ए४ म्हणजे फाइल निवड, बी० म्हणजे वाच, डी६ म्हणजे बदल, २० म्हणजे गुप्त क्रमांक तपास. उत्तराच्या शेवटी दोन बाइटांत निकाल मिळतो : ९० ०० म्हणजे काम झाले, ६ए ८२ म्हणजे फाइल सापडली नाही. जुने, वापरातून गेलेले स्वतःचे जीएसएम सिम हा या अभ्यासासाठी सर्वोत्तम नमुना आहे. त्यातील २एफई२ या फाइलमध्ये कार्डाचा अनुक्रमांक असतो आणि तो विनाअट वाचता येतो. प्रत्येक बाइटातील दोन अंकांची अदलाबदल केलेली असते : भारतीय सिमचा क्रमांक ८९९१ ने सुरू होतो, पण वाचताना ९८ १९ असे दिसते. त्याच सिममधील दूरध्वनीवहीची ६एफ३ए ही फाइल मात्र पिन तपासल्याशिवाय उघडत नाही. पिन तीनदा चुकला की कार्ड पिन बंद करते. मग तो पुन्हा उघडणारा पीयूके क्रमांक लागतो आणि त्याच्या दहा संधी असतात. एकाच चिपमध्ये एक दार उघडे आणि दुसरे कुलूपबंद कसे असते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे साधन हौशी अभ्यासकाला क्वचितच मिळेल.

भारतातील वाहनचालक परवान्याच्या चिप असलेल्या कार्डांसाठी स्कॉस्टा ही कार्यप्रणाली आयआयटी कानपूर व राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केली. तीही आयएसओ ७८१६ याच मानकावर आधारलेली आहे.

स्मृती-कार्ड : प्रोसेसर नसलेल्या स्वस्त कार्डांमध्ये सीमेन्सच्या परंपरेतील, पुढे इन्फिनिऑनकडे गेलेले एसएलई४४४२ प्रसिद्ध आहे. त्यात २५६ बाइट स्मृती असते आणि ती कोणालाही वाचता येते. पहिले ३२ बाइट कायमचे गोठवण्याची सोय आहे. लेखनासाठी तीन बाइटांचा गुप्त संकेत लागतो. कोऱ्या कार्डात तो सहसा एफएफ एफएफ एफएफ असतो. या कार्डाची तपासणीची रीत मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. संकेत पाठवण्याआधी यंत्राने चूक-मोजणीतील एक बिट स्वतः खोडायचा, म्हणजे एक संधी आधी खर्ची टाकायची. मग तीन बाइट द्यायचे. संकेत बरोबर ठरला तरच मोजणी पुन्हा भरून घेता येते. त्यामुळे संकेत चुकल्याचे कळताच वीज तोडून संधी वाचवण्याची पळवाट उरत नाही. तिन्ही संधी संपल्या की लेखन कायमचे बंद. प्रोग्राममधील एखाद्या चुकीच्या लूपमुळे निमिषात कार्ड निकामी होऊ शकते, म्हणून लेखनाच्या आज्ञा बटण दाबल्यावरच जातील अशी व्यवस्था करावी.

बिनस्पर्शी कार्ड : हौशी मंडळींत सर्वाधिक खपते ते आरसी५२२ हे मॉड्यूल. ते १३.५६ मेगाहर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. कार्डाला वीज त्याच क्षेत्रातून मिळते आणि कार्ड आपल्यावरचा भार बदलून उत्तर देते. मॉड्यूल ३.३ व्होल्टचे आहे. त्याला ५ व्होल्टचा पुरवठा देऊ नये. उनोशी ते एसपीआय पद्धतीने जोडले जाते.

सोबत मिळणारे पांढरे कार्ड बहुधा मायफेअर क्लासिक १के किंवा त्याची नक्कल असते. १९९४ मध्ये ऑस्ट्रियातील मिक्रॉन कंपनीने आणलेली ही चिप पुढे फिलिप्सकडे व मग एनएक्सपीकडे गेली. तिच्यात १६ विभाग, प्रत्येकात १६ बाइटांचे चार गट. प्रत्येक विभागाच्या शेवटच्या गटात सहा-सहा बाइटांच्या दोन किल्ल्या आणि मधे प्रवेशनियमांचे बिट असतात. निर्मात्याचा पहिला गट आणि हे सोळा शेवटचे गट वगळले तर १,०२४ पैकी ७५२ बाइट वापरणाऱ्याच्या हाती राहतात. प्रवेशनियमांचे बिट सरळ आणि उलट असे दोनदा लिहावे लागतात. त्यांचा मेळ बसला नाही तर तो विभाग कायमचा बंद होतो. नवशिक्याने शेवटच्या गटाला हात न लावणेच शहाणपणाचे.

सुरक्षा : मायफेअर क्लासिकची क्रिप्टो१ ही सांकेतिक पद्धत गुप्त ठेवलेली होती आणि तिची किल्ली फक्त ४८ बिटांची होती. कार्स्टन नोल व हेन्रिक प्लोट्झ यांनी चिपचे थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तिची उकल केली व डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या परिषदेत ती मांडली. २००८ मध्ये नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या गटाने तिच्यावरील हल्ले सिद्ध केले. त्यांचा निबंध रोखण्यासाठी एनएक्सपी न्यायालयात गेली. आर्नहेमच्या न्यायालयाने जुलै २००८ मध्ये ती मागणी फेटाळली. हा निर्णय योग्यच होता. दोष चिपमध्ये होता, आणि तो लपवून कार्डधारकांचे पैसे सुरक्षित झाले नसते. त्यापुढची डेस्फायर ईव्ही१ सारखी कार्डे एईएस ही जाहीर, जगभर तपासली गेलेली पद्धत वापरतात.

महाविद्यालयीन प्रकल्पांत हजेरीसाठी किंवा दाराच्या कुलपासाठी कार्डाचा केवळ यूआयडी क्रमांक वाचून माणूस ओळखला जातो. ही पद्धत सोडून द्यावी. यूआयडी कोणत्याही वाचकयंत्राला विनाकिल्ली मिळतो आणि हवा तो यूआयडी लिहिता येईल अशी कार्डे बाजारात सहज उपलब्ध आहेत. ओळख पटवायची असेल तर कार्डाकडे गुप्त किल्ली असल्याचे त्याच्याकडून सिद्ध करून घेणारी चिप निवडावी.

प्रयोगासाठी कोरी किंवा स्वतःची बाद झालेली कार्डेच वापरावीत. दुसऱ्याच्या किंवा संस्थेच्या कार्डातील नोंदी परवानगीशिवाय काढणे वा बदलणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली येऊ शकते. कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.