टेंडरची जाहिरात आणि सरकारचा शब्द

तालुक्याच्या कचेरीबाहेर फळ्यावर निविदेच्या नोटिसा लावलेल्या असतात. खडी, बांधकाम, शाळेची बाकं. ‘आपल्याला कुठं कंत्राट घ्यायचंय?’ असं म्हणून आपण पुढं जातो. पण त्या कागदात आपलंही हित गुंतलेलं आहे.

आपल्या घराचं काम कुणाला द्यायचं हे आपण ठरवतो, कारण पैसा आपला. सरकारी तिजोरीतला पैसा मात्र सगळ्या रयतेचा. म्हणून काम काढताना सरकारला जणू दवंडीच पिटावी लागते. त्यामुळं भाव रास्त येतो, आणि वशिला नसलेल्या लायक माणसालाही दार उघडं राहतं.

केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम १९४७ मध्ये प्रथम एकत्र निघाले. पुढे १९६३, २००५ आणि २०१७ मध्ये ते सुधारले गेले. २००५ च्या नियमांत असे होते, की २५ लाख रुपये व त्याहून अधिक किमतीच्या मालासाठी ‘इंडियन ट्रेड जर्नल’मध्ये आणि मोठ्या खपाच्या निदान एका राष्ट्रीय दैनिकात जाहिरात द्यावी, व निविदा भरण्यास साधारणतः तीन आठवडे तरी द्यावेत. २०१७ मध्ये ही जाहिरात छापील पानावरून केंद्राच्या खरेदी-संकेतस्थळावर गेली.

आता प्रश्न असा, की एकदा जाहीर केलेली अट सरकारला स्वतःला मोडता येते का? याचा निकाल लागला तो मुंबईच्या एका प्रकरणात.

१९७७ च्या जानेवारीत विमानतळ प्राधिकरणानं मुंबई विमानतळावर एक उपाहारगृह आणि दोन फराळाची दुकानं तीन वर्षं चालवण्यासाठी निविदा मागवल्या. अट होती, की अर्जदार दुसऱ्या दर्जाचा नोंदलेला हॉटेलवाला असावा आणि त्याला निदान पाच वर्षांचा अनुभव असावा. सहा निविदा आल्या. सर्वांत जास्त रक्कम देऊ करणाऱ्याची निविदा मंजूर झाली. त्यानं कँटीनं चालवली होती, पण अटीत सांगितलेला हॉटेलवाला तो नव्हता.

कुणी म्हणेल, सरकारला पैसे जास्त मिळाले, मग बिघडलं कुठं? बिघडलं ते असं. ती अट वाचून ‘आपण यात बसत नाही’ म्हणून जे घरी बसले, त्यांचं काय? अट शिथिल होणार हे कळलं असतं, तर त्यांनीही निविदा भरली असती. मे १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी संस्थेनं स्वतः जाहीर केलेली कसोटी तिला स्वतःला बांधील असते. मनाला येईल तेव्हा ती बाजूला ठेवता येत नाही. न्यायमूर्ती भगवतींचा हा निकाल पुढे अनेक खटल्यांत आधाराला घेतला गेला.

मात्र ते कंत्राट रद्द झालं नाही, बरं का! तक्रार महिनोन् महिने उशिरा आली होती आणि मक्तेदारानं तोवर खर्चही केला होता. तत्त्व जिंकलं, पण त्या कामापुरती वेळ निघून गेली होती.

म्हणून शिक्षकबंधूंना एक सुचवावंसं वाटतं. एखादी नोटीस वर्गात वाचून दाखवावी आणि मुलांना तीन प्रश्न विचारावेत : मुदत किती दिली? अटी कोणत्या? आणि ज्याला काम मिळालं, तो त्या अटींत बसतो का? हे प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारले, तरच त्यांचा उपयोग.