भोकं पाडलेले गोळे

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचो तेव्हा दर जुलैत कपाटातून एक खोका निघायचा. गोळे आणि काड्यांचा. काळा गोळा कार्बन, लाल ऑक्सिजन. हिऱ्याची रचना जोडून दाखवायची, दोन बंधांमधला कोन 109.5 अंश हे पोरांकडून पाठ करून घ्यायचं, तास संपला की खोका परत कपाटात. अशी सव्वीस वर्षं गेली. खोक्याबद्दल माझी तक्रार एकच, काड्या फार हरवतात.

ऑक्टोबर 2025 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, त्यामागची हकिगत वाचली आणि तो खोका आठवला.

1974 साली मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन विद्यार्थ्यांसाठी अशीच मॉडेलं बनवत होते. लाकडी गोळ्यांना भोकं वर्कशॉपमध्ये पाडून मिळणार, पण कुठे पाडायची त्या खुणा यांनीच करून द्यायच्या. गोळे आले, जोडून बघितले, तर रेणू आपोआप बरोबर आकार घेतो! म्हणजे सगळी अक्कल भोकांच्या जागेत आहे. मग खरे अणू-रेणूच असे एकमेकांत अडकवले तर?

दरवर्षी मॉडेलं काढली की हा विचार त्यांच्या डोक्यात यायचा. आणि दहा वर्षांहून जास्त काळ त्यांनी त्याचं काहीच केलं नाही. (इथे मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?)

मग मात्र केलं. तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक सेंद्रिय रेणू घेऊन त्यांनी हिऱ्यासारखी जाळी उभी केली, आत भल्यामोठ्या पोकळ्या असलेली. 1989 मध्ये ते प्रसिद्ध झालं. जाळी नाजूक, सहज ढासळायची. बऱ्याच जणांनी बिनकामाची ठरवली. 1997 मध्ये जपानच्या सुसुमु कितागावांनी अशा पोकळ्यांत वायू भरून दाखवला. ओमर याघींनी 1995 मध्ये या पदार्थांना मॉफ हे नाव दिलं होतं. 1999 ची त्यांची जस्ताची जाळी 300 अंशांनाही टिकली. दोन-चार ग्रॅम पूड, पण आतला पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा. अशा पुडीत कार्बन डायऑक्साइड पकडता येतो, हायड्रोजन साठवता येतो.

मला स्वतःला पाण्याची गोष्ट जास्त भिडली. याघी अम्मानमधल्या एका खोलीत वाढले. घरात वीज नाही, नळ नाही. त्यांच्याच गटाने ॲरिझोनाच्या वाळवंटात रात्रीच्या हवेतली वाफ मॉफमध्ये धरली आणि दिवसा उन्हाने तापवून तिचं पाणी काढलं.

नोबेल या तिघांना मिळालं. रॉबसन तेव्हा 88 वर्षांचे होते.

परवा जुन्या सहकाऱ्याला फोन करून खोक्याची चौकशी केली. म्हणाला, "सर, आता सगळं स्क्रीनवर दाखवतो. तो खोका दिवाळीच्या साफसफाईत गेला असेल बहुतेक. का, हवा होता?"