गावरान तंबाटा कुठल्या गावचा?

सांगलीच्या आठवडी बाजारात अजूनही एखादी म्हातारी पाटीत बारके, चपटे, देठाजवळ हिरवट राहिलेले टोमॅटो घेऊन बसलेली दिसते. भाव विचारला की आधी सांगते, "गावरान तंबाटी हायती." म्हणजे पैसे थोडे जास्त पडणार, पण आमटीला आंबटपणा झकास येणार. मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे भाजी घेतानाही शब्दापाशी अडकते. तंबाटा गावरान, तर त्याचं गाव कोणतं?

गाव फार लांब आहे. टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वताच्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात वाढत. मेक्सिकोतल्या लोकांनी त्याची लागवड वाढवली. त्यांच्या नाहुआत्ल भाषेत त्याला 'तोमात्ल' म्हणत. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी अ‍ॅझ्टेकांची राजधानी जिंकली आणि पुढे हे फळ युरोपात पोहोचलं. स्पॅनिश, पोर्तुगीज भाषांत ते 'तोमाते' झालं. आपल्याकडे ते पोर्तुगिजांच्या जहाजांतून आलं असं मानतात. 'टोमॅटो' हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला. पण आजीच्या 'तंबाट्या'त मला 'तोमाते'ही ऐकू येतो आणि आपला 'तांबडा'ही.

नव्या पाहुण्याला नाव देताना लोकांनी ओळखीचं नातं शोधलं. जुन्या मराठीत त्याला 'वेलवांगी' म्हणत, बंगालीत तो 'बिलिती बेगुन', म्हणजे विलायती वांगं झाला. नातं खरंच आहे. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा ही सगळी एकाच कुळातली. आपल्या कृष्णाकाठच्या वांग्याचा हा लांबचा भाऊबंदच.

आणि असा पाहुणा एकटा टोमॅटोच नाही. कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो साताऱ्याचा अभिमान आहे, पण घेवड्याच्या या जातीचं मूळही अमेरिकेतच. महाबळेश्वरची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथे १८३४ मध्ये चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग बांधला गेला, तो १८६४ पर्यंत चालला. तिथला बटाटा आणि विलायती भाज्या नावारूपाला आल्या त्या बऱ्याच अंशी या कैद्यांच्या हातांनी, असं इंग्रजांच्या काळच्या गॅझेटियरमध्ये नोंदवलेलं आहे.

मातीत हात घालणाऱ्यांत आमची माणसंही होती. साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत भाजी-फळांच्या बाजारात 'बागवान' आडनाव सहज भेटतं. शब्द फारसी, अर्थ बाग राखणारा. बागायत, जिरायत, खरीप, रब्बी हे शब्दही फारसी-अरबीतून आलेले. पण ते परके आहेत असं शेतकऱ्याला सांगून बघा, तो हसेल.

माझी नानी कोरेगावकडची. तिच्या परसात हाच तंबाटा असायचा. बी धरायची तिची रीत ठरलेली. निरोगी झाडावरचं पहिलं फळ खायचं नाही की विकायचं नाही, ते झाडावरच पूर्ण पिकू द्यायचं. मग गर वाटीत पिळून दोन-तीन दिवस आंबू द्यायचा. वर साय धरली की बी धुऊन सावलीत वाळवायचं, राखेत घोळून फडक्यात बांधायचं. आंबवल्याने बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो, हे मला पुस्तकातून फार उशिरा कळलं.

टोमॅटोचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं, म्हणून गावरान जातीचं घरचं बी पुढच्या वर्षी तशीच झाडं देतं. संकरित वाणाचं तसं नसतं. १९७३ मध्ये बेंगळुरूच्या एका कंपनीने टोमॅटोचं संकरित बियाणं बाजारात आणलं आणि पुढे असं बियाणं सगळीकडे पसरलं. फळ टणक, साल जाड, लांबच्या बाजारात टिकणारं. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळाला, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी एक झाड असं, दुसरं तसं. म्हणून दरवर्षी पुडी विकत आणायची. फडक्यातलं बी हळूहळू नाहीसं झालं.

गावरान तंबाटा लाडका असला तरी सोपा नाही. झाड उंच जातं, काठीचा आधार लागतो. उन्हानंतर एकदम पाऊस आला की पातळ साल तडकते. पांढऱ्या माशीने पानं चुरडतात. दोन दिवसांत फळ मऊ पडतं. कुंडीत लावलेल्या माझ्या चारपैकी दोन झाडांना दर पावसाळ्यात करपा गाठतोच.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या सांगलीच्या घराच्या खालच्या मजल्यावर पाणी शिरलं. पुस्तकं गेली, आणि नानीच्या बियांची गाठोडी ठेवलेला डबाही गेला. नानी तेव्हा हयात नव्हती. मला वाटलं, तिचा तंबाटा संपला. दोन महिन्यांनी साताऱ्याहून खाला आल्या, पदराच्या गाठीत बी घेऊन. नानीने कधीकाळी त्यांना दिलेलं, त्यांनी दरवर्षी धरलेलं. तेव्हा नानीचं बोलणं आठवलं, "बांट्या सो बच्या, रख्या सो गया."

मला अनेकदा विचारतात, "तुमचं मूळ गाव कोणतं?" मी सातारा म्हणते. "तसं नाही, मूळ?" असा पुढचा प्रश्न येतो. पूर्वी मला राग यायचा. आता मी तंबाट्याची गोष्ट सांगते. ज्याचं बी इथल्या परसात पिढ्यान्‌पिढ्या धरलं गेलं, त्याला बाजारातली म्हातारी गावरान म्हणते. अँडीज पर्वत ती विचारत नाही.

तुमच्या घरी असं जुनं बी असेल तर यंदा त्याच्या दोन पुड्या करा. एक घरात ठेवा. दुसरी नदीपासून लांब राहणाऱ्या कुणाला तरी द्या, मग तो नातेवाईक असो वा नसो.