अपर गोदावरी जिल्हा
अपर गोदावरी जिल्हा : ब्रिटिश मध्य प्रांतातील एक अल्पायुषी जिल्हा. मुख्य ठाणे सिरोंचा (आता गडचिरोली जिल्ह्यात). १८६० च्या तहाने त्याचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि १८७४ मध्ये जिल्हा मोडण्यात आला. आज त्याची भूमी महाराष्ट्र, तेलंगणा आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांत वाटली गेली आहे. तिन्ही राज्यांच्या इतिहासलेखनात त्याला जेमतेम तळटिपेची जागा मिळते. चंद्रपूरच्या दक्षिण सीमेचा विचार करताना मात्र हा जिल्हा वगळून पुढे जाता येत नाही.

वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याच्या जंगलाजवळ एकत्र येतात आणि तिथून पुढे नदी प्राणहिता होते. सिरोंचा या प्राणहितेच्या डाव्या काठावर आहे. गावाखाली ती गोदावरीला मिळते. संगमाच्या पैलतीरी कालेश्वरम् हे शिवक्षेत्र आहे. आणखी खाली सोमनूरजवळ बस्तरातून आलेली इंद्रावती गोदावरीत उतरते. सिरोंचापासून भद्राचलम् आणि रेकापल्लीपर्यंत गेलेली डाव्या काठाची लांबट, अरुंद पट्टी म्हणजे हा जिल्हा. नूगूर, आलबाका, चेर्ला, भद्राचलम् आणि रेकापल्ली हे त्याचे अन्य तालुके.

पूर्वी हा मुलूख निजामाच्या सत्तेखाली होता.

स्थापना : डिसेंबर १८६० मध्ये निजाम आणि इंग्रज यांच्यात जो तह झाला, त्याने नळदुर्ग आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले. त्या बदल्यात गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके इंग्रजांनी घेतले. नदीवरील मालवाहतूक जकातीतून मुक्त राहील, हे कलमही तहात होते. नळदुर्ग देऊन सिरोंचा घेण्यामागचा हिशेब या कलमातच सापडतो. इंग्रजांना जंगलापेक्षा पाणवाट हवी होती.

पहिल्या काळातील डेप्युटी कमिशनर कॅप्टन ग्लासफर्ड. बस्तर संस्थानाविषयीचा १८६२ चा अहवाल त्याचाच. सिरोंचा तालुक्यातील ग्लासफोर्डपेठा या गावाने त्याचे नाव आजवर टिकवले आहे.

तहाच्या दोनच वर्षे आधी वरच्या अंगाला, अहेरी भागात, बंडाळी झाली होती. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुलेश्वर शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव तिच्या अग्रभागी होते. एप्रिल १८५८ च्या अखेरीस प्राणहितेकाठी चिंचगोंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले. बाबूरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या (आताचे चंद्रपूर) तुरुंगात फाशी देण्यात आली. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या या बंडातील भूमिकेविषयी सरकारी वृत्तांत आणि स्थानिक परंपरा यांचा सूर एक नाही.

गोदावरी जलवाहतूक योजना : जिल्ह्याचे खरे प्रयोजन हेच. त्यामुळेच त्याच्याविषयी टिकून राहिलेले बहुतेक कागद इंजिनियरांनी लिहिलेले आहेत. इथल्या कोया, माडिया आणि तेलुगू शेतकरी वस्तीविषयी त्या मानाने फार थोडे लिहिले गेले.

सर आर्थर कॉटन यांनी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् येथे बांधलेला बंधारा १८५२ च्या सुमारास पुरा झाला आणि गोदावरीच्या मुखाकडची शेती पालटली. त्याच नदीतून आगबोटी थेट वर्धेच्या खोऱ्यापर्यंत न्याव्यात आणि हिंगणघाट-वऱ्हाडचा कापूस पूर्व किनाऱ्यावर काकिनाड्याला उतरवावा, ही पुढची कल्पना. कॅप्टन हेग यांनी १८५० च्या दशकातच नदीची पाहणी करून अहवाल दिला होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि योजनेला जोर चढला. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीही या खोऱ्यात फिरून तिचा पुरस्कार केला.

अडचण खडकांची होती. नदीच्या पात्रात तीन ठिकाणी मैलोन्‌मैल खडकाळ उतार आहेत : पहिला भद्राचलम्‌जवळ दुम्मुगुडेम येथे, दुसरा इंद्रावतीच्या संगमालगत इंचमपल्ली येथे, तिसरा प्राणहितेवर अहेरीजवळ देवलमरी येथे. प्रत्येक ठिकाणी नदीला आडवा बंधारा, बाजूने कालवा आणि बोटी चढवण्या-उतरवण्यासाठी लॉक बांधायचे होते. दुम्मुगुडेमचे काम बरेच झाले आणि त्या बंधाऱ्याचा पुढे सिंचनालाही उपयोग झाला. इंचमपल्लीचे अर्धवट राहिले. देवलमरी तर फार पुढची गोष्ट ठरली.

हिवताप, मजुरांची टंचाई आणि किनाऱ्यापासूनचे अंतर यांनी काम रेंगाळले. पाणीही बाराही महिने पुरत नसे. उन्हाळ्यात या पात्रात डोंगा चालवणेसुद्धा कठीण. निर्णायक घाव रेल्वेने घातला. १८६७ मध्ये मुंबईहून आलेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि वर्धा खोऱ्याचा कापूस पश्चिमेकडे वळला. १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली. मुंबईच्या बाजूने रूळ येत असताना दक्षिणेत खडक फोडत राहणे हा नियोजनातील मोठा दोष होता, आणि त्याची किंमत या खोऱ्याने मोजली : बंदराकडे जाणाऱ्या वाटेवरचे ठाणे म्हणून उभे केलेले सिरोंचा रस्त्याच्या शेवटचे गाव झाले.

विसर्जन : १८७४ मध्ये भद्राचलम् आणि रेकापल्ली मद्रास इलाख्याच्या गोदावरी जिल्ह्यात गेले, बाकीचा भाग चांदा जिल्ह्याला जोडला गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नूगूर, आलबाका आणि चेर्लाही मद्रासकडे गेले. चांद्याकडे उरला तो सिरोंचाचा वरचा भाग. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्यावर तो त्यात आला. रेकापल्लीचा परिसर २०१४ मध्ये पोलावरम् प्रकल्पाच्या निमित्ताने तेलंगणातून आंध्र प्रदेशात गेला, म्हणजे सीमा हलवण्याचे काम पाण्यानेच पुन्हा केले.

वनसंपत्ती : मुख्यतः साग.

जीवाश्म : सिरोंचाच्या उत्तरेला प्राणहितेकाठी कोटा हे लहान गाव आहे. तिथल्या चुनखडकातील माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनच्या भूवैज्ञानिकांना ठाऊक झाले होते आणि या गावावरूनच ‘कोटा’ खडकसमूहाला नाव मिळाले. सिरोंचा परिसरातील पोचमपल्लीजवळ कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना १९६० च्या सुमारास एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे मिळाली. १९७५ मध्ये त्याचे ‘बारापासॉरस टागोराय’ असे नामकरण झाले. दुसरा शब्द रवींद्रनाथांच्या स्मरणार्थ आहे. सांगाडा कोलकात्यातच आहे. याच परिसरात वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे, तरी ज्या मातीतून ही हाडे निघाली तिथल्या मुलांना तो सांगाडा पाहण्यासाठी बंगाल गाठावा लागतो, ही खेदाची बाब आहे.

सद्यःस्थिती : गडचिरोली शहर सिरोंचापासून सुमारे २०० किलोमीटर दूर आहे, बाजार, दवाखाना आणि सोयरिकी यांसाठी तेलंगणा जवळ. तालुक्यात मराठीबरोबर तेलुगू सर्रास बोलली जाते. गोदावरीवरचा कालेश्वरम् पूल २०१६ च्या अखेरीस सुरू झाला. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेच्या पुष्कर पर्वात दोन्ही काठांवर बारा दिवस यात्रा भरली.

इंचमपल्लीचे नाव मात्र कागदावर फिरत राहिले. १९८० च्या गोदावरी जलतंटा लवादाच्या निवाड्यातही ते आंतरराज्य प्रकल्प म्हणून आहे; धरण झाले नाही. त्याऐवजी संगमाच्या खाली तेलंगणाने मेडीगड्डा बंधारा बांधला. त्यासाठी ऑगस्ट २०१६ मध्ये तेलंगणा आणि महाराष्ट्र या दोन राज्यांत करार झाला आणि २१ जून २०१९ रोजी उद्‌घाटन झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले. बंधाऱ्याच्या फुगवट्याने बाधित झालेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांना वेळोवेळी आंदोलन करावे लागले आहे.