दुसरे सत्र

दिवाळी अंक वाचकाच्या हाती पडतो त्या सुमारास महाराष्ट्रातल्या शाळांचे पहिले सत्र संपलेले असते. सहामाही परीक्षा, मग सुट्टी, मग दुसरे सत्र. ही घडी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी, कुणाच्या तरी सोयीने घातली असेल हे मनातही येत नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाड्या-पाड्यांवर मात्र याच दिवसांत दुसरी एक घडी सुरू होते. भात कापून झोडून झाले की वीटभट्टीवाल्याचा माणूस येतो. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली उचल फेडायची असते. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरे टेम्पोत चढतात आणि कुटुंब भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्ट्यांवर जाते. परत यायचे ते मृगाच्या तोंडावर. ज्या कातकरी मुलाचे आईबाप असे दरवर्षी जातात, त्याच्या शालेय आयुष्यात दुसरे सत्र नावाची गोष्टच नसते.

पर्यायी शाळा म्हटले की आपल्याला वेगळी नावे आठवतात. कोल्हापूरचे सृजन आनंद विद्यालय, फलटणचे कमला निंबकर बालभवन, पुण्याचे अक्षरनंदन. १९८० आणि १९९० च्या दशकांत शिक्षक आणि पालक यांनी चाकोरीला कंटाळून उभ्या केलेल्या या शाळा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तर पुण्या-मुंबईचे काही पालक याही पुढे गेले. त्यांनी मुलांना शाळेतच घातले नाही, घरी शिकवले. अशा पालकांचा ‘स्वशिक्षण’ हा देशव्यापी गट २०१२ पासून काम करतो. या सगळ्यांचे म्हणणे थोडक्यात एवढेच, की मुलाने शाळेच्या मापाने वळण्याऐवजी शाळेने मुलाच्या मापाने वळावे. हे म्हणणे म्हणजे सुस्थित माणसांची चैन आहे, असा आक्षेप नेहमी ऐकू येतो. मला तो पटत नाही. निदान जुन्या ठाणे जिल्ह्याचा इतिहास तरी उलटे सांगतो.

जुना ठाणे जिल्हा असे मुद्दाम म्हणतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड, वसई हे तालुके तिकडे गेले आणि शहापूर, मुरबाड ठाण्यात उरले. कागदावर रेघ ओढली गेली, पण वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वस्त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना तशाच आहेत, आणि शाळांचा इतिहासही एकच आहे. शहापूर-मुरबाडची गोष्ट सांगायची तर सुरुवात समुद्रकाठच्या बोर्डीपासून करावी लागते.

ताराबाई मोडक बोर्डीला आल्या त्या १९४५ च्या अखेरीस. (वैतरणेवरचा मोडकसागर याच मोडकांच्या नावाचा, असे मला लहानपणी वाटायचे. तो मुंबई महापालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक यांच्या नावाचा आहे. या जंगलपट्ट्यात पाणी मुंबईला नेणाऱ्याचे नाव मोठ्या जलाशयाला मिळाले. मुंबईहून शाळा इकडे आणणाऱ्या मोडक मात्र शिक्षणवाल्यांच्याच आठवणीत राहिल्या.) भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीवर काम केले होते, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला होता आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला होता. दादरच्या पालकांनी तो उचलून धरला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते सगळे मागे ठेवून त्या खेड्यात गेल्या. सोबतीला पस्तिशीच्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण आणि पुण्याच्या हुजूरपागेतली नोकरी, असा त्यांचा तोवरचा प्रवास. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची गाठ पडली होती.

ते साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९४५ च्या जानेवारीत कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले आणि मे महिन्यात तलासरीकडे झरीला वारल्यांची परिषद. वेठबिगार मोडून काढण्याचा गोदावरी आणि शामराव परुळेकरांचा लढा त्याच वर्षी पेटला. सावकाराची गुरे राखणारे पोर हा त्या वेठीचा एक भाग होता. म्हणजे बोर्डीला बालवाडी निघाली तेव्हा ‘मूल शाळेत का येत नाही’ या प्रश्नाचे उत्तर रानात, गुरांच्या मागे उभे होते.

बोर्डीची पहिली बालवाडी नेहमीसारखीच एका जागी भरणारी होती. गावातली मुले येत, पाड्यावरची येत नसत. ताराबाई आणि अनुताई पाड्यावर गेल्या, झोपडीपुढचे अंगण झाडले, मुलांना न्हाऊमाखू घातले आणि तिथेच शाळा भरवली. ही अंगणवाडी. माँटेसरीची महागडी साधने इथे आणणे शक्य नव्हते आणि आणायची गरजही पडली नाही. शंखशिंपले, बिया, पाने, खडे, काटक्या यांवर मोजणी, वर्गवारी, रंग-आकार सगळे होत असे. अंगणात शाळा भरली की आणखी एक गोष्ट आपोआप होते. आई बघते, आजी बघते, काम करता करता कान देते. शाळेचे दार लावून घेतले की हे संपते.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथे या कल्पनेला आणखी धुमारे फुटले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. गुरे चरताहेत आणि झाडाखाली राखणदारांचा वर्ग भरला आहे, ही कुरणशाळा. मुली का येत नाहीत हे पाहिले तेव्हा कडेवरचे भावंड दिसले. आई मजुरीला जाते, तान्हे मोठ्या बहिणीच्या गळ्यात. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. बहीण येताना भावंडाला घेऊन येई, ते पाळणाघरात, ती वर्गात. या आवाराला विकासवाडी म्हणत. या साऱ्यात शिक्षणशास्त्रातला मोठा सिद्धांत कुठला होता? मुलीच्या कडेवर काय आहे ते कुणीतरी नीट पाहिले होते, इतकेच.

पुढे अंगणवाडीचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना देशभर अंगणवाडी हे नाव मिळाले. कुपोषणाच्या या पट्ट्यात त्या केंद्रांनी मुले जगवली आहेत, ते श्रेय मोठे आहे. पण शाळा म्हणून जे होते ते बऱ्याच ठिकाणी खिचडी, वजनकाटा आणि नोंदवह्या यांच्या मागे पडले. शब्द दिल्लीला पोचला, अंगण इथेच राहिले.

त्याच काळात सरकारने आदिवासी मुलांसाठी जो मुख्य मार्ग घेतला तो अगदी विरुद्ध दिशेचा होता. १९७२-७३ पासून सरकारी आश्रमशाळा निघाल्या. शहापूरला तर आदिवासी प्रकल्पाचे कार्यालयच आहे. आश्रमशाळेचा हिशेब सरळ आहे. आईबाप फिरते, वस्ती विखुरलेली, तेव्हा मुलाला तिथून उचलून निवासी शाळेत ठेवायचे. या शाळांवर टीका करणे सोपे आहे आणि त्यांच्या दुरवस्थेच्या बातम्या दरवर्षी येतात. तरीही पाड्यांवरचे आज शिकलेसवरलेले, नोकरीला लागलेले पहिल्या पिढीचे लोक बहुतांशी तिथूनच बाहेर पडले आहेत, हे विसरून चालणार नाही. फक्त त्याची किंमत अशी, की सहा वर्षांच्या मुलाने आईपासून दूर निजायला शिकायचे आणि घरची बोली तोंडातून काढून टाकायची. शहरातला कोणता पालक ही अट मान्य करील?

कोसबाडची वाट पुन्हा सापडते ती वीटभट्टीवर. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची विधायक संसद १९७९ पासून वसई तालुक्यात वेठबिगारांत काम करत होती. १९८२ मध्ये त्यातून श्रमजीवी संघटना उभी राहिली. बिगारी सुटली तरी उचल सुटत नाही आणि उचलीपोटी मुले भट्टीवर जातात, हे त्यांना दिसत होते. १९९० च्या दशकात त्यांनी थेट भट्टीवर शाळा भरवायला सुरुवात केली. भट्टीवर मजूर कच्च्या-पक्क्या विटा रचून, वर गवत टाकून जे खोपट करतो त्याला भोंगा म्हणतात. तशाच भोंग्यात शाळा, म्हणून भोंगाशाळा. माझ्या मते मराठीतल्या शाळांच्या नावांत इतके प्रामाणिक नाव दुसरे नाही.

भोंगाशाळेचे काम समजायचे तर भट्टीचा दिवस माहीत असावा लागतो. गारा मळण्याचे आणि विटा थापण्याचे काम पहाटेपूर्वीच, कधी मध्यरात्रीनंतर सुरू होते, कारण थापलेली वीट उन्हात वाळायला हवी. मजुरी ठरते ती हजार विटांवर. मग घरातला प्रत्येक हात मोजला जातो. चार-पाच वर्षांचे पोर धाकट्याला सांभाळते, आठ-दहा वर्षांचे वाळलेल्या विटा उलटते, वाहून नेते. अकरा ते पाच अशी शाळा इथे कुणाच्या उपयोगाची? वेळ भट्टीच्या कामातून काढावी लागते, शिकवणारा जवळपासचाच तरुण लागतो, आणि मुलगा मागच्या जूनमध्ये कुठल्या पाड्यावरच्या कुठल्या वर्गात होता याचा पत्ता लावून ठेवावा लागतो, नाहीतर परत गेल्यावर तो पुन्हा पहिलीत. पुढे सरकारनेही अशा हंगामी शाळा चालवल्या, ऊसतोड मजुरांसाठी साखरशाळा निघाल्या, आईबाप गेले तरी मूल गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. छोट्या शाळांच्या जगात या कायद्याबद्दल फारसे बरे बोलले जात नाही. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाख रुपये दंड आणि पुढे रोज दहा हजार, असे अठराव्या कलमात आहे. पहिली ते पाचवीला वर्षाचे दोनशे दिवस आणि आठशे तास हवेत, हे परिशिष्टात आहे. घरी शिकवणाऱ्या पालकांबद्दल कायदा काहीच बोलत नाही. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून सांगतो आणि ते न पाळणाऱ्याला शिक्षा ठेवत नाही. या फटीतच गृहशिक्षण चालले आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा देऊन ती मुले पुढे जातात.

पण मुरबाडच्या बाजूने पाहिले तर कायद्याचे दुसरे अंग दिसते. कायद्याआधी दहा वर्षे महाराष्ट्रात वस्तीशाळा चालत. एखाद्याचे ओसरीवरचे छप्पर, गावातला बारावी झालेला तरुण आणि महिना हजार रुपयांच्या आसपास मानधन. लवचीक, घरगुती, पाड्यातली शाळा! वर्णन अगदी पर्यायी शाळेचेच. पण दादरच्या मुलाला प्रशिक्षित शिक्षक आणि पाड्यावरच्या मुलाला निमशिक्षक, हा भेद त्या लवचीकपणाच्या पोटात होता. कायद्याने तो बेकायदा ठरवला आणि वस्तीशाळांच्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या. भिंती आणि पगारी शिक्षक हाही गरिबाच्या मुलाचा हक्क आहे. छोटी शाळा निवडणे आणि छोटी शाळा पदरात पडणे यांत फार अंतर असते, आणि आम्ही पर्यायी शिक्षणवाले लोक ते पुष्कळदा विसरतो. कायद्याच्या नवव्या कलमात स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. ते वाक्य अमलात आणायला कुणीतरी भट्टीवर जावे लागते, एवढाच प्रश्न.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात घडलेली गोष्ट या कायद्याच्या चौकटीत कुठेच बसत नाही. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर. २०१६ च्या शिवजयंतीच्या निमित्ताने गावात पारायण चालले होते. म्हाताऱ्या बायका ऐकायला बसल्या होत्या. आम्हालाही वाचता आले असते तर, असे त्यांच्यातल्या काहीजणी बोलल्या. ८ मार्चला, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या तीसेक विद्यार्थिनी, मोतीराम दलाल धर्मादाय संस्थेची मदत, गणवेश म्हणून गुलाबी नऊवारी. वेळ दुपारी दोन ते चार, कारण तेवढ्यातच शेत, चूल आणि नातवंडे यांतून उसंत मिळते. शिकवायला गावातलीच सून, तिची सासू वर्गात. अंगठ्याऐवजी सही करायची, नाव वाचायचे, इतके शिकायचे होते. गुलाबी लुगड्यांची छायाचित्रे जगभर गेली आणि पाहुण्यांची रीघ लागली. त्या कौतुकात एक गोष्ट मागे पडली असे मला वाटते. या बायका सहा वर्षांच्या होत्या तेव्हा मुंबई इलाख्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा होताच, १९१८ पासून. तो त्यांच्यापर्यंत आला नाही, आणि त्यांच्या वेळेप्रमाणे दोन तास काढायला कुणाला साठ-सत्तर वर्षे सुचले नाही.

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला आणि तिथून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना फार्म हाऊसच्या कुंपणांच्या पाट्या आता वाढत चालल्या आहेत. शहरातले पालक मुलांना घेऊन शनिवार-रविवार इथे येतात. माती, झाडे, भातलावणी दाखवतात. हे शिक्षण चांगलेच आहे, मी त्याची चेष्टा करणार नाही. कुंपणापलीकडच्या पाड्यावर मात्र प्रश्न वेगळा आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक आहेत. डोंगरी तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या शाळा त्यात येणारच. मोठी इमारत, प्रयोगशाळा, खेळाचे मैदान आणि मुलांना आणायला-न्यायला गाडी, असे त्याचे वर्णन आहे. अंगणापासून निघालेली वाट त्यामुळे पुन्हा आश्रमशाळेच्या दिशेने वळते.

पट मोजायची तारीख ३० सप्टेंबर. त्या दिवशी भात अजून शेतात उभे असते, भट्टीचा टेम्पो आलेला नसतो आणि पाड्यावरची सगळी मुले वर्गात असतात. शिक्षकांची पदे त्या आकड्यावर ठरतात. नंतरच्या आठ महिन्यांत हजेरीपटावरच्या ज्या नावांपुढे गैरहजेरीचे शेरे पडत जातात, ती मुले कुठल्या भट्टीवर आहेत हे वाडीवरच्या कुणालाही विचारले तर सांगतात.