अ पासून ह पर्यंत

मराठीत ‘अकारविल्हे’ असा एक जुना, खणखणीत शब्द आहे. विल्हे लावणे म्हणजे प्रत्येक वस्तूला तिची जागा दाखवून ती मार्गी लावणे. दिवाळीच्या आधी घरातली वडीलधारी बाई माळ्यावरचे सामान खाली काढते आणि डबे फडताळात, चिंध्या बोचक्यात, मोडके-तोडके भंगारात अशी ज्याची त्याची विल्हे लावते, तसेच शब्दांचे करायचे; फक्त जागा ठरवायची ती अक्षरावरून. अ आधी, ह शेवटी. यात काही मोठी करामत आहे असे आज कोणाला वाटत नाही. परंतु ही रीत आपल्याकडे फार जुनी नाही, आणि तिने माणसांना जितके जुंपले तितके दुसऱ्या कोणत्या लेखनप्रकाराने क्वचितच जुंपले असेल. दिवाळीच्या चार निवांत दिवसांत त्या माणसांची आठवण काढावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आपला सर्वांत गाजलेला कोश म्हणजे अमरकोश. तो अकारविल्हे नाही. त्यात स्वर्गवर्ग आहे, भूमिवर्ग आहे, पुरवर्ग आहे, वनौषधिवर्ग आहे. म्हणजे शब्द राहतात ते आपापल्या आळीत. शिवाय सगळे श्लोकबद्ध. पाठशाळेतल्या मुलाने तो शोधायचा नसे. पाठ करायचा असे. मेदिनीकोशासारखे काही संस्कृत कोश शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून लावलेले आहेत. यमक जुळविणाऱ्या कवीची त्यात मोठीच सोय. शिवाजी महाराजांच्या काळात तयार झालेला राजव्यवहारकोशही दहा वर्गांतच विभागलेला आहे. दरबारातल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत.

अक्षराचा क्रम लोकांना ठाऊक नव्हता असे मात्र नव्हे. भक्तीच्या क्षेत्रात त्याचा वापर फार जुना आहे. हिब्रू स्तोत्रांतले ११९ वे स्तोत्र त्या भाषेच्या २२ अक्षरांवर रचलेले असून प्रत्येक अक्षराला आठ याप्रमाणे १७६ कडवी होतात. शिखांचे गुरू अर्जुनदेव यांची ‘बावन अखरी’ अशीच अक्षरावर चालते, आणि ओडिया भाषेत ‘चौतिसा’ नावाचा काव्यप्रकार क पासून एकेक अक्षर घेत पुढे जातो. पण ही सारी जिभेसाठी आणि कानासाठी केलेली सोय. एक अक्षर संपले की पुढचे आपोआप आठवते.

शब्द शोधण्यासाठी पाने उलटणारा वाचक जन्माला आला तो छापखान्याबरोबर. १८१० साली बंगालमधल्या श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीने मराठीचा कोश छापला, तोही मोडी अक्षरांत. मग १८२९ मध्ये मुंबईत शास्त्रीमंडळींनी केलेला मराठी-मराठी कोश निघाला, आणि १८३१ मध्ये मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश. या मोल्सवर्थची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लष्करी पेशाचा हा माणूस, टॉमस आणि जॉर्ज कँडी हे दोघे भाऊ आणि आपले शास्त्री यांच्या मदतीने त्याने सुमारे २५,००० शब्द लावले. मग प्रकृती ढासळली आणि १८३६ साली तो मायदेशी गेला. दुसरा कोश, म्हणजे इंग्रजीवरून मराठीचा, अर्धवट राहिला. तो टॉमस कँडीने पुढे नेला आणि १८४७ मध्ये छापून काढला. पुढे मोल्सवर्थला पुन्हा बोलावणे गेले, तो पुन्हा आला, आणि १८५७ साली त्याच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. आता शब्द सुमारे ६०,००० झाले होते. ज्या वर्षी उत्तरेत तोफा धडधडत होत्या, त्याच वर्षी मुंबईत मराठी शब्दांची ही खतावणी पुरी होत होती.

या हकीगतीतली एक गोष्ट माझ्यासारख्या कादंबरी लिहिणाऱ्याच्या मनाला लागते. अकारविल्हे काम एकाने टाकले तर दुसऱ्याला उचलता येते. कादंबरीचे तसे नाही. माझ्या ट्रंकेत दोन कादंबऱ्यांची बाडे पडून आहेत. मी उद्या डोळे मिटले तर कोणी कँडी येऊन ती पुरी करणार नाही, आणि कोणी करू नयेत हेच बरे!

इंग्रजीत लिहिणाऱ्या हौशी मंडळींत २०१० सालापासून एक पण चालत आला आहे. एप्रिल महिन्यात रोज एका अक्षरावर एक लेख लिहायचा. तीस दिवसांतून चार रविवार वगळले की सव्वीस दिवस उरतात, आणि रोमन अक्षरेही सव्वीसच. हे ऐकून मी मराठीचा हिशेब मांडून पाहिला. स्वर बाजूला ठेवले तर ळ धरून व्यंजने चौतीस. त्यांपैकी ङ, ञ, ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाही. क्ष आणि ज्ञ व्याकरणाने पाहिले तर क आणि ज यांच्याच पोटातले. राहिली बरोबर तीस! रविवारचीही सुट्टी नाही, इतका आपला महिना काटेकोर. मग गेल्या वर्षी जून महिन्यात, शाळा उघडायच्या गडबडीत, मीही तो पण केला. रोज रात्री एक अक्षर, एक शब्द, त्या शब्दाच्या इतिहासावर वहीची दोन पाने. तीस जूनला ‘हुंडी’ या शब्दावर लिहून वही मिटली.

या महिन्याने मला जे शिकविले ते व्याकरणाच्या पुस्तकात नाही. पहिले म्हणजे अक्षरे सारखी नसतात. क च्या दिवशी शब्दांची जत्रा भरते, कोणता घ्यावा कळत नाही. प आणि स तर पानेच्या पाने खातात, कारण प्र, परि, प्रति, सम्, सु असे संस्कृत उपसर्ग त्यांच्या दारात उभे. उलट ष च्या दिवशी षष्ठी आणि षोडशोपचार यांच्यापुढे गाडी हलेना. ढ ला मात्र मी फार घाबरलो होतो, तो सर्वांत गोड निघाला. अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मी लिपीतला ढ आणि आपला आजचा ढ यांत फारसा फरक नाही. बाकी सारी अक्षरे दोन हजार वर्षांत ओळखू न येण्याइतकी पालटली. हा जिथल्या तिथे. म्हणूनच वर्गात पुढे न सरकणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात, असे सांगतात. खरे-खोटे अक्षर जाणे. पण तेव्हापासून वर्गात तो शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळते. इतकी वर्षे न बदलता टिकून राहणे ही काही लहान विद्या नव्हे.

दुसरे शिकलो ते ‘पहा’ या शब्दाबद्दल. क च्या टिपणात मी सहज लिहून गेलो, ‘सावकारीबद्दल पुढे ह मध्ये हुंडी पहा’. लिहिताना काही वाटले नाही. पण पंचविसाव्या दिवशी पाऊस, घरात पाहुणे, वहीकडे बघवत नाही, अशा वेळी तेच ‘पहा’ दारात वसुलीला बसले. कोशातले प्रत्येक पुढचे ‘पहा’ म्हणजे लेखकाने स्वतःवर काढलेली हुंडीच असते. अ मध्ये ‘सूर्य पहा’ असे छापणाऱ्याला स पर्यंत जगावे लागते.

तीस दिवसांच्या माझ्या या खेळानंतर मी डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाकडे नव्या नजरेने पाहू लागलो. केतकरांचा जन्म १८८४ चा, रायपूरचा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकून, हिंदुस्थानातील जातिसंस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहून, १९१२ साली ते परत आले. अशा माणसाने प्राध्यापकी धरावी, पगार खावा, हा सरळ मार्ग होता. त्यांनी मराठीत ज्ञानकोश करायचे ठरविले. राजाश्रय नाही, कोणा धनिकाची थैली नाही. त्यांनी चक्क कंपनी काढली, ज्ञानकोश मंडळ लिमिटेड, नागपूर. लोकांनी समभाग घ्यावेत, वर्गणीदार व्हावे, आणि त्या पैशांतून विद्या छापली जावी! कापसाच्या गिरणीसाठी भांडवल उभे करावे तसे त्यांनी ज्ञानासाठी उभे केले. गावोगाव फिरून वर्गणीदार मिळविले. पुढे हे सारे बिऱ्हाड पुण्यास आले.

आणि आता गंमत पहा. वर्गणीदार अ ची वाट पाहत बसले होते आणि केतकरांनी आधी काढले पाच प्रस्तावनाखंड : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. पाच खंडांची प्रस्तावना! माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाने निबंधाला एवढी प्रस्तावना केली असती तर त्याचे काय झाले असते, ते सांगायला नको. पण केतकरांची बुद्धी वेगळी होती. जगाच्या ज्ञानात आपण कोठे उभे आहोत हे मराठी माणसाला आधी समजले पाहिजे, मग सुट्या सुट्या माहितीला अर्थ, असा त्यांचा आग्रह दिसतो. मला तो पटतो. अकारविल्हेचा मोठा दोष हाच की ती जवळच्यांना दूर करते आणि परक्यांना शेजारी बसविते. कापूस क मध्ये, सूत स मध्ये, आणि विणकर व मध्ये. उलट अकबराच्या मांडीला मांडी लावून बसतो अक्रोड. केतकरांनी जगाचा संसार आधी एकत्र मांडून दाखविला, आणि मगच त्याची वाटणी केली.

सहाव्या खंडापासून शरीरखंड सुरू झाले. या टप्प्यावर संपादकाची खरी परीक्षा असते. वर्गवार ग्रंथ लिहिताना आज गणिती बोलवा, पुढच्या वर्षी वैद्य बोलवा, असे करता येते. अकारविल्हेत पहिल्या शंभर पानांतच अंकगणित येते, अंजीर येते, अग्निहोत्र येते, अतिसार येतो, अफगाणिस्तान येते. म्हणजे गणिती, माळी, याज्ञिक, वैद्य आणि भूगोलवाला सगळे एकाच पंगतीला हवेत, आणि सगळ्यांचे पान एकाच वेळी वाढायला हवे. एकाने उशीर केला की पुढची सारी पंगत ताटकळते, कारण अंजीर छापल्याशिवाय अकबर छापता येत नाही. आणि वाचक तर डोळ्यांत तेल घालून बसलेला. इतिहासाचा ग्रंथ तिसऱ्या खंडाला थांबला तरी तीन खंड हातात राहतात. कोश ग पाशी थांबला तर ज्याला पाऊस आणि हिमालय हवा आहे, त्याच्या हाती काय? अर्धी बाराखडी कोणाच्याच कामाची नाही.

केतकर ग पाशी थांबले नाहीत. १९२० च्या सुमारास पहिले खंड बाहेर पडू लागले आणि ते दशक संपण्यापूर्वी तेवीस खंड पुरे झाले होते. एवढ्यात ते गृहस्थही झाले. शीलवतीबाई मूळच्या जर्मन, एडिथ कोहन. १९२० साली त्यांचा विवाह झाला. त्या घराची कल्पना करून पहावी. एका बाजूला यजमानांचे मराठी अक्षरांशी झुंजणे चाललेले, तर दुसऱ्या बाजूला बाई विंटरनित्झच्या जर्मन ग्रंथावरून संस्कृत वाङ्मयाचा इतिहास इंग्रजीत आणीत होत्या. त्या भाषांतराचा पहिला खंड १९२७ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. पुढे बाईंनी मराठीत आठवणीही लिहिल्या. त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘मीच हे सांगितलं पाहिजे’. मोठ्या कामांच्या पाठीमागचे घर कसे चालते, हे खरोखर त्यांनीच सांगायला हवे होते.

त्याच १९२७ साली केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने ज्ञानकोश मंडळाचा इतिहास लिहिला. काम हातावेगळे होत आले असता आपण काय केले याचा हिशेब लोकांपुढे ठेवावा, ही कल्पनाच मला फार आवडते. त्यांनी विजयाचा फेटा बांधला नाही, जमाखर्च मांडला. कंपनी म्हटली की भागीदारांना ताळेबंद द्यावा लागतो, आणि केतकरांनी तो बारा वर्षांच्या आयुष्याचा दिला. मराठी लेखकांत अशी सवय फार थोड्यांना आहे. आम्ही पुस्तक संपले की एक तर समारंभ करतो, नाही तर रुसून बसतो.

ज्ञानकोश आटोपल्यावर या माणसाला संपत्ती लाभली असेल असे कोणी समजू नये. अखेरची वर्षे ओढाताणीचीच गेली. कादंबऱ्या लिहिल्या, ‘ब्राह्मणकन्या’ १९३० ची. प्राचीन महाराष्ट्राचा इतिहास हाती घेतला, तो मात्र पुरा झाला नाही. १९३७ च्या एप्रिलमध्ये ते वारले, वय त्रेपन्न. तेवीस खंड तडीस गेले आणि इतिहास राहिला. अक्षरांना शेवट असतो, इतिहासाला तो आपणच घालावा लागतो, हेही त्याचे एक कारण असेल की काय, कोण जाणे.

पुढे ही परंपरा खंडली नाही. पंडित महादेवशास्त्री जोशी हे हाडाचे कथाकार, गोव्याच्या मातीतले. त्यांनी गोष्टी बाजूला सारून भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड १९६२ ते १९७९ या काळात पुरे केले. गोष्टी सांगणाऱ्या माणसाने स्वतःला अक्षरांच्या दावणीला बांधून घेणे सोपे नाही, हे मी अनुभवाने, जूनच्या तीस दिवसांपुरते का होईना, सांगू शकतो. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश मांडला. पहिला खंड १९७६ चा, आणि विसाव्या खंडाचा शेवटचा भाग २०१५ चा. तर्कतीर्थ १९९४ साली गेले. अखेरचे अक्षर त्यांना पाहता आले नाही. पहिला खंड निघाला तेव्हा सोव्हिएत संघ जगाच्या नकाशावर ठाण मांडून बसला होता; स चे खंड येईपर्यंत तो नकाशावरून नाहीसा झाला होता. ह पर्यंत पोचावे तो अ शिळा होतो. पण मोल्सवर्थनंतर जसा कँडी, तसे वाईलाही नवे संपादक आले आणि हुंड्या वटल्या.

केतकरांच्या कचेरीत काम केलेले दोन गृहस्थ होते, यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे. ज्ञानकोश संपला, आता चार दिवस आराम करावा, असे दुसऱ्या कोणाला वाटले असते. या दोघांनी १९३२ मध्ये महाराष्ट्र शब्दकोशाचा पहिला विभाग काढला. १९३८ पर्यंत सात विभाग करून ते ह पाशी पोचले. तोवर वाटेत सुटलेले, मागाहून सापडलेले, कोणी कोकणातून तर कोणी वऱ्हाडातून कळविलेले शब्द साठतच होते. १९५० साली त्यांची पुरवणी निघाली. ती पुन्हा अ पासून सुरू होते.