स्टॉपवॉच कोणाच्या हातात होतं?

आज आपण मानसशास्त्राच्या इतिहासातल्या एका कॉरिडॉरची गोष्ट बघू. १९९६ साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या जॉन बार्ग आणि सहकाऱ्यांचा प्रयोग छापून आला. विद्यार्थ्यांना उलटसुलट शब्दांमधून वाक्यं जुळवायची होती. एका गटाच्या शब्दांत सुरकुत्या होत्या, बिंगो होता, फ्लोरिडा होतं. फ्लोरिडा कशाला? तर निवृत्त अमेरिकन मंडळी तिकडे राहायला जातात म्हणून. 'हळू' अशा अर्थाचे शब्द मात्र मुद्दाम वगळलेले. काम संपवून विद्यार्थी निघाला की त्याच्या नकळत कोणीतरी स्टॉपवॉच दाबायचं. अंतर पावणेदहा मीटर. म्हातारपणाचे शब्द वाचलेल्यांना सरासरी ८.२८ सेकंद लागले, बाकीच्यांना ७.३०.

विद्यार्थी होते तीस. पुन्हा तीस जणांवर करून पाहिलं, तेच आलं. निष्कर्ष इतका सांगण्याजोगा की तो पाठ्यपुस्तकांत गेला, पुढे डॅनियल कानेमन यांच्या गाजलेल्या पुस्तकातही आला.

मग पडताळणीचं काय? २०११ साली डॅरिल बेम यांनी माणसाला भविष्याची चाहूल लागते असं दाखवणारे प्रयोग एका नामांकित जर्नलमध्ये छापले. तिघा ब्रिटिश संशोधकांनी ते करून पाहिले, काही निघालं नाही. जर्नलचं उत्तर आलं: आम्ही फेरप्रयोग छापत नाही! म्हणजे चूक छापायला दार उघडं आणि दुरुस्तीला बंद. आम्हाला विचाराल तर खरा रोग इथेच होता.

२०१२ मध्ये ब्रसेल्समधल्या स्तेफान दॉयें यांच्या गटानं बार्ग यांचा कॉरिडॉर पुन्हा मांडला. या वेळी १२० जण, आणि वेळ मोजायला माणसाऐवजी इन्फ्रारेड सेन्सर. फरक गायब. पण गंमत पुढेच आहे. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी प्रयोग घेणाऱ्यांनाच फितवलं, बरं का. निम्म्यांना सांगितलं, हे लोक हळू चालतील; निम्म्यांना सांगितलं, भरभर चालतील. 'हळू'वाल्यांच्या हाताखालचे विद्यार्थी खरोखर हळू चालले, सेन्सरनंही तेच सांगितलं. 'भरभर'वाल्यांच्या हातातल्या स्टॉपवॉचनं वेग वाढलेला दाखवला, सेन्सरला मात्र तो दिसलाच नाही. फसवण्याचा कोणाचाच हेतू नव्हता. अपेक्षा बोटात उतरली होती.

बार्ग यांना हे पटलं नाही. आपल्याकडे घड्याळ धरणाऱ्याला कोण कुठल्या गटात ते माहीतच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणणं नोंदवून ठेवायलाच हवं. पण त्याच वर्षी खुद्द कानेमन यांनी या क्षेत्रातल्या संशोधकांना खुलं पत्र लिहिलं, एकमेकांचे प्रयोग पडताळा म्हणून.

२०१५ मध्ये १०० अभ्यासांच्या सामूहिक फेरतपासणीचा निकाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय परिणाम होता, फेरप्रयोगांत ३६ टक्क्यांत. म्हणून उरलेले सगळे खोटे असं नव्हे, फेरप्रयोगही चुकू शकतो. तोवर 'कॉर्टेक्स'सारख्या जर्नलनं नवी पद्धत सुरू केली होती: प्रयोगाचा आराखडा आधी तपासायचा, आणि छापायचं की नाही हे निकाल यायच्या आतच ठरवायचं.